नळाच्या पाण्यातील बुरशी : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर 2024

3 जून 2024

विभागाकडून प्रकल्पाला मंजुरी मिळाल्यामुळे आजपासून नोंदी ठेवण्यास सुरुवात करीत आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाला नदीतून उचललेले पाणी शुद्धीकरण केंद्रातून नळाने मिळते. त्या पाण्यात बुरशी कोठे शिरते, कोठे टिकते आणि कोठे वाढते, एवढाच प्रश्न आम्ही हाती घेतला आहे. गावाचे नाव कोणत्याही नोंदीत घालायचे नाही, असे तेथील पाणीपुरवठा विभागाशी ठरले आहे आणि ते योग्यच आहे, कारण नदी, जॅकवेल (नदीकाठची पाणी उचलण्याची विहीर), फिल्टर, उंच जलकुंभ आणि तासा-दोन तासांचा पुरवठा अशी रचना कोकणात गावोगाव सापडते.

आपल्याकडे पाणी पिण्यायोग्य आहे की नाही हे भारतीय मानक 10500 (2012) वरून ठरते. त्यानुसार 100 मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय किंवा कोलिफॉर्म जीवाणू आढळता कामा नयेत, गढूळपणा 1 एनटीयूपर्यंत (हे गढूळपणा मोजण्याचे एकक) स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास 5 एनटीयूपर्यंत चालण्यासारखा मानला जातो आणि मोकळा शिल्लक क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावा लागतो. बुरशीसाठी मात्र या मानकात आकडी मर्यादा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पेयजलविषयक मार्गदर्शक तत्त्वांमध्येही नाही. त्यामुळे तपासणी अहवालावरचा ‘पिण्यास योग्य’ हा शेरा कितीही प्रामाणिक असला तरी बुरशीबद्दल तो काहीच सांगत नाही. हा प्रयोगशाळेचा दोष नव्हे. तिला तो प्रश्न विचारलेलाच नसतो.

11 जून 2024

नमुन्यांच्या जागा आज निश्चित केल्या: जॅकवेलमधील कच्चे पाणी, वाळूच्या फिल्टरनंतरचे पाणी, क्लोरीन दिल्यानंतरची शुद्ध पाण्याची टाकी, उंच जलकुंभ, वाहिनीच्या मध्यावरचा एक नळ, शेवटच्या टोकाचा एक नळ आणि काही घरांच्या गच्चीवरील प्लॅस्टिकच्या टाक्या. प्रत्येक नळाचे दोन नमुने घ्यायचे आहेत. पहिला नळ उघडताच येणाऱ्या पहिल्या धारेचा आणि दुसरा पाणी काही मिनिटे वाहू दिल्यानंतर, तोटी स्पिरिटच्या ज्योतीने शेकून घेतलेला. नेहमीच्या जीवाणू तपासणीत दुसराच नमुना घेतात, कारण तेथे वाहिनीतील पाणी पाहायचे असते. आम्हाला तोटी आणि घरातील पाइप यांचाही हिशेब हवा असल्याने पहिली धार टाकून देता येणार नाही.

बाटल्यांमध्ये निर्जंतुकीकरणापूर्वीच सोडियम थायोसल्फेट घातले आहे, म्हणजे नमुना घेतल्याक्षणी पाण्यातील क्लोरीन निष्प्रभ होईल. ते घातले नाही, तर बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत क्लोरीन आपले काम करीत राहतो आणि नळातून प्रत्यक्षात आलेल्या बीजाणूंपेक्षा कमी बीजाणू मोजले जातात.

19 जून 2024

आजचा दिवस माध्यमे (प्लेटवर बुरशी वाढवण्याचे खाद्य) आणि कोऱ्या चाचण्या (बाहेरून बुरशी शिरते का हे पाहणाऱ्या) यांत गेला. या भागाविषयी सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते संपूर्ण प्रकल्पाची विश्वासार्हता यावर अवलंबून आहे.

डायक्लोरान, रोझ बंगाल आणि क्लोरॅम्फेनिकॉल असलेले अगार (जेलीसारखा पदार्थ) आम्ही मुख्य माध्यम म्हणून निवडले आहे. क्लोरॅम्फेनिकॉल जीवाणूंना दाबते, तर डायक्लोरान व रोझ बंगाल वेगाने पसरणाऱ्या बुरशींना आवर घालतात. अन्यथा एखादी ट्रायकोडर्मा किंवा रायझोपस दोन-तीन दिवसांत सगळी प्लेट व्यापते आणि तिच्याखाली हळू वाढणाऱ्या कॉलनी (बुरशीचे वाढलेले ठिपके) दिसेनाशा होतात. रोझ बंगालची अडचण अशी की उजेडात ते स्वतःच बुरशीला मारक ठरते. म्हणून ओतलेल्या प्लेट काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या आहेत आणि इनक्युबेटरच्या काचेच्या दारावरही कागद लावला आहे. वाढीचे तापमान 25 अंश ठेवायचे आहे. कोकणातल्या जूनमध्ये खोलीचेच तापमान त्याहून अधिक असल्याने साध्या इनक्युबेटरचा उपयोग नाही. गार करण्याची सोय असलेला बीओडी इनक्युबेटर शेजारच्या विभागाकडून मागून आणला.

खरा प्रश्न हवेचा आहे. पाऊस सुरू होऊन थोडेच दिवस झाले असले तरी कपाटातल्या चपलांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर आणि प्रयोगशाळेच्या भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी उघड दिसू लागली आहे. अशा हवेत झाकण काढलेली बाटली किंवा फिल्टरची फनेल काही क्षण उघडी राहिली, तरी प्लेटवर उगवणारी कॉलनी पाण्यातली की हवेतली हे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक खेपेला तीन प्रकारच्या कोऱ्या चाचण्या ठेवायच्या ठरवल्या: निर्जंतुक पाणी याच संचातून गाळून ठेवलेली प्लेट, नमुन्याच्या जागी बाटली उघडून त्यात निर्जंतुक पाणी भरून आणलेला नमुना आणि टेबलावर काही वेळ उघडी ठेवलेली प्लेट. यांपैकी पहिल्या दोन कोऱ्या राहिल्या नाहीत, तर त्या खेपेचे आकडे निकालपत्रकात घालायचे नाहीत. नळाच्या पाण्यात बुरशी सापडल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांत कोऱ्या चाचणीचा उल्लेख नसेल, तर मी आकड्याकडे लक्ष देत नाही.

27 जून 2024

पहिल्या खेपेच्या प्लेट आज सातव्या-आठव्या दिवशी वाचल्या. मोजणीचे आकडे स्वतंत्र निकालपत्रकात आहेत, येथे निरीक्षणेच लिहितो.

प्रत्येक नमुन्याचे 100 मिलिलिटर पाणी 0.45 मायक्रॉन छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून गाळून ती मेम्ब्रेन अगारवर ठेवली होती. मध्यावरच्या नळाच्या प्लेटवर पांढऱ्या, चौकटी आखलेल्या मेम्ब्रेनवर शेवाळी-काळ्या, मखमली पृष्ठभागाचे ठिपके आले आहेत. पारदर्शक चिकटपट्टीने त्यांचा ठसा घेऊन लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू या रंगद्रावणात पाहिल्यावर क्लॅडोस्पोरियम ही बुरशी ओळखता आली. त्याच्या शेजारी निळसर हिरव्या, पांढऱ्या कडेच्या कॉलनी पेनिसिलियमच्या आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या बीजाणूंच्या साखळ्या धरणारा दांडा केरसुणीसारखा फुटलेला स्पष्ट दिसतो. शेवटच्या टोकाच्या नळात या दोन्ही आहेतच, शिवाय फिकट गुलाबी, कापसासारखी वाढ आहे आणि तिच्यात दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले, पडदे असलेले वाकडे बीजाणू आहेत. ही फ्युजेरियम. क्लोरीन दिल्यानंतरच्या टाकीच्या पाण्यात मात्र फारसे काहीच उगवलेले नाही. निर्जंतुक पाण्याच्या दोन्ही कोऱ्या प्लेट कोऱ्याच आहेत. टेबलावरच्या उघड्या प्लेटवर मात्र चांगलेच पीक आले आहे.

म्हणजे केंद्रातून पाणी बऱ्यापैकी स्वच्छ निघते आणि वाटेत काहीतरी घडते. एका खेपेवरून याहून अधिक बोलणे योग्य नाही.

8 जुलै 2024

नदीला पूर आहे. कच्च्या पाण्याचा रंग जांभ्याच्या मातीचा झाला आहे आणि 100 मिलिलिटर पाणी मेम्ब्रेनमधून जात नाही, थोड्याच वेळात छिद्रे बुजतात. कच्च्या पाण्याचे नमुने यापुढे पातळ करून थेट प्लेटवर पसरायचे. केंद्रावर तुरटीची मात्रा वाढवली आहे.

18 जुलै 2024

आज पूर्ण दिवस क्लोरीनसाठी दिला. केंद्रावर वायुरूप क्लोरीन देतात आणि जलकुंभावर गरज पडल्यास विरंजक चूर्ण, म्हणजे टीसीएल. गावातील कर्मचारी ओटी (ऑर्थोटोलिडीन) ही क्लोरीन मोजण्याची चाचणी करतात. ती झटपट होते, पिवळा रंग कोणालाही कळतो. परंतु रंग लगेच वाचला नाही, तर अमोनियाशी जोडला गेलेला क्लोरीनही त्यात मोजला जातो आणि जंतुनाशक म्हणून तो मोकळ्या क्लोरीनपेक्षा बराच कमजोर असतो. आम्ही सोबत मोकळा क्लोरीन वेगळा दाखवणारी डीपीडी चाचणी केली. मध्यावरच्या नळावर दोन्ही चाचण्या जुळल्या. शेवटच्या टोकाला ओटीने पिवळेपणाची छटा दाखवली, पण डीपीडीची गुलाबी छटा जवळपास दिसलीच नाही.

क्लोरीनविषयी दोन गोष्टी कर्मचाऱ्यांशी बोलताना पुन्हा पुन्हा सांगाव्या लागल्या, म्हणून येथे नोंदवतो. पहिली म्हणजे पाण्याचा सामू (पीएच). साधारण 7.5 सामूला मोकळ्या क्लोरीनचा निम्मा भागच अधिक प्रभावी अशा हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. सामू त्यावर गेला की हे प्रमाण झपाट्याने घसरते. दुसरी म्हणजे बुरशीच्या बीजाणूंची चिवटता. त्यांची भिंत जाड असते, अनेकांमध्ये मेलॅनिनसारखे रंगद्रव्य असते आणि त्यामुळे ई. कोलायला काही मिनिटांत संपवणारी क्लोरीनची मात्रा या बीजाणूंना पुरत नाही. म्हणजेच कोलिफॉर्म चाचणी निर्दोष येणे आणि त्याच पाण्यात जिवंत बुरशी असणे यांत विसंगती काहीच नाही. कोलिफॉर्म हा विष्ठेच्या संसर्गाचा निर्देशक आहे; बुरशी मातीतून, कुजणाऱ्या पाल्यातून आणि हवेतून येते.

टीसीएलच्या साठ्याकडेही पाहिले. ताज्या चूर्णात सुमारे एक तृतीयांश भाग उपयुक्त क्लोरीन असतो, पण तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातील चूर्ण पावसाळी हवेत ओलसर होऊन त्याची ताकद उतरते. येथील पोते चिकटून ढेकळांचे झाले होते. मोजमाप जुन्याच डब्याने होत असेल, तर डबा तोच आणि क्लोरीन कमी, असा प्रकार होतो. कर्मचाऱ्याने स्वतःहून पोते फळीवर चढवून झाकून ठेवले.

30 जुलै 2024

उंच जलकुंभ आज धुण्यासाठी रिकामा केला, त्यामुळे आम्हाला तळ पाहता आला. शिडीने उतरल्यावर तळाशी बोटाच्या पेरापर्यंत जाडीचा मऊ, तांबूस गाळ होता. चमच्याने उचलला असता त्यात पानांचे शिरांपुरते उरलेले सांगाडे, कीटकांचे पंख आणि गंजाचे कण दिसले. भिंतीवर पाण्याच्या पातळीच्या जरा वर, जेथे भिंत आळीपाळीने ओली आणि कोरडी होते, तेथे बोट फिरवल्यास बुळबुळीत थर लागत होता. गाळाचा, थराचा आणि धुण्यापूर्वीच्या पाण्याचा असे वेगवेगळे नमुने घेतले.

वायुवीजनाच्या नळीवरची जाळी फाटलेली होती आणि तिची दुरुस्ती लगेच होणार आहे. जाळी नवी बसवली, तर डास-पाली थांबतील. दोन-तीन मायक्रॉनचा बीजाणू थांबणार नाही. पुरवठा सुटल्यावर जलकुंभातील पाणी जितके उतरते, तितकी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पावसाळ्यातली ती हवा कशी असते, ते टेबलावरच्या उघड्या प्लेटने आधीच दाखवले आहे. त्यामुळे बीजाणू आत येणारच असे धरून चालावे आणि त्यांना वाढायला गाळ मिळू नये याकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते. स्वच्छ, क्लोरीनयुक्त पाण्यात पडलेला बीजाणू नुसता पडून राहतो. सेंद्रिय गाळात आणि बुळबुळीत थरात तो रुजतो आणि तेथे क्लोरीन त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच गाळातच खर्च होतो.

9 ऑगस्ट 2024

रात्रभर वीज नव्हती, इनक्युबेटरचे तापमान वर गेले. ही खेप बाद. नमुने पुन्हा घेणे.

14 ऑगस्ट 2024

जलकुंभाच्या नमुन्यांचे वाचन झाले. पाण्यापेक्षा गाळात बुरशी अनेक पटींनी अधिक आहे आणि थरातील प्रजाती वाहिनीच्या शेवटच्या टोकाशी जुळतात. धुतल्यानंतरच्या पाण्यात लक्षणीय घट आहे, शेवटच्या टोकाला मात्र अगदी थोडी. त्याचे कारण बहुधा वाहिनीतच आहे: पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो, आत दाब राहत नाही आणि गळतीच्या जागांमधून मातीतले पाणी उलटे आत शोषले जाते. पावसाळ्यात ही माती कायम भिजलेली असते.

दरम्यान वाचनही चालू आहे. नॉर्वेमधील 14 सार्वजनिक पाणीपुरवठा योजनांच्या पाण्याचे 273 नमुने तपासून 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 62 टक्के नमुन्यांत तंतुमय बुरशी सापडली होती. 30 गणांतील 94 प्रजाती ओळखल्या गेल्या आणि त्यात पेनिसिलियम, ट्रायकोडर्मा व ॲस्परजिलस यांचे प्राबल्य होते. थंड देशातल्या, उत्तम देखभालीच्या योजनांची ही स्थिती आहे, तेव्हा नळाच्या पाण्यात बुरशी असणे ही काही कोकणापुरती किंवा गैरव्यवस्थेपुरती गोष्ट नाही. स्वीडनने 2001 च्या पेयजल नियमांत सूक्ष्म बुरशीसाठी 100 मिलिलिटरला 100 कॉलनी अशी पातळी दिली होती आणि ती ओलांडली, तर पाणी अयोग्य न ठरवता त्यावर शेरा मारण्याची तरतूद होती. मला ही भूमिका पटते. पाणी बंद करण्याइतका तो धोका नाही, पण टाकीत किंवा वाहिनीत काहीतरी साचले आहे याची ती खूण आहे आणि ते शोधले पाहिजे.

23 ऑगस्ट 2024

पाणीपुरवठा विभागाचे काही जण प्लेट पाहण्यासाठी आले होते. एका प्लेटवर ॲस्परजिलस नायजरच्या काळ्याभोर, भुकटी पडल्यासारख्या कॉलनी होत्या. ‘‘सर, हीच का ती कोरोनातली काळी बुरशी?’’ हा प्रश्न अपेक्षितच होता. 2021 च्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात घातलेला धुमाकूळ लोक विसरलेले नाहीत. तो आजार म्युकर, रायझोपस यांच्या कुळातील बुरशींमुळे होतो. त्यांची वाढ प्लेटवर पांढरट-राखाडी आणि कापसासारखी दिसते, काळे पडतात ते रुग्णाचे मृत झालेले ऊतक. शिवाय तो मुख्यतः श्वासावाटे गेलेल्या बीजाणूंमुळे, अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइड यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना होतो. नळाचे पाणी प्यायल्याने निरोगी माणसाला म्युकर होतो, असे कोणी सांगत असेल तर त्याला आधार नाही, हे त्यांना स्पष्टपणे सांगितले. त्या प्लेटचे छायाचित्र कोठेही पाठवू नये, अशी विनंतीही केली.

खरी काळजी वेगळ्या ठिकाणी घ्यावी लागते. अमेरिकेतील आर्कान्सा येथील अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात झालेल्या अभ्यासांनी रुग्णालयाच्या पाणीव्यवस्थेत ॲस्परजिलस दाखवून दिला आणि रुग्णांच्या खोल्यांपेक्षा स्नानगृहाच्या हवेत त्याचे प्रमाण अधिक असल्याचे दाखवले. तेथेही पिण्याचा संबंध नव्हता. शॉवरच्या तुषारांतून बीजाणू हवेत उडतात आणि श्वासात जातात. म्हणून कर्करोगावर उपचार घेणारे किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण जेथे असतात, तेथील पाणीव्यवस्थेचा विचार निराळा करावा लागतो. बाकीच्यांसाठी प्रश्न चवीचा आणि वासाचा आहे. काही बुरशी मातकट वास देणारी द्रव्ये तयार करतात, तर काही क्लोरोफिनॉलचे रूपांतर अत्यल्प मात्रेतही नाकाला जाणवणाऱ्या, कुबट वासाच्या ॲनिसोलमध्ये करतात. ‘पाण्याला कोंदट वास येतो’ ही तक्रार या भागात पावसाळ्यात नेहमी ऐकू येते.

4 सप्टेंबर 2024

गणपती शनिवारी आहेत आणि मुंबईकर चाकरमानी येऊ लागले आहेत. आमच्या दृष्टीने ही वर्षातली सर्वांत उपयुक्त वेळ आहे, कारण महिनोन्‌महिने कुलूप असलेली घरे या आठवड्यात उघडतात. त्यांच्या गच्चीवरच्या टाक्यांत मे महिन्याच्या सुट्टीत भरलेले पाणी तसेच असते. घरमालकांच्या संमतीने, त्यांनी नळ उघडण्यापूर्वी, अशा काही घरांतून पहिल्या धारेचे आणि वाहू दिल्यानंतरचे नमुने घेतले. सगळीकडे मोकळा क्लोरीन शून्य होता. एका घरी आजींनी आग्रहाने चहा दिला आणि मग तो कोणत्या पाण्याचा केला आहे, हे स्वतःच हसत सांगितले: विहिरीच्या.

एका टाकीचे झाकण वाऱ्याने सरकले होते. आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेवर, काळसर कड धरलेली होती आणि तोटीच्या तोंडावरची जाळी काढली तेव्हा तिच्या मागे जिलेटिनसारखा चिकट गोळा निघाला. तो तसाच निर्जंतुक डबीत घेतला.

16 सप्टेंबर 2024

बंद घरांच्या नमुन्यांचे निकाल आले. पहिल्या धारेत बुरशी भरपूर आहे; पाणी वाहू दिल्यानंतर बहुतेक घरांत ती गावच्या वाहिनीच्या पातळीपर्यंत उतरते. झाकण सरकलेल्या घरी मात्र वाहू दिल्यानंतरही फरक पडला नाही, कारण तेथे टाकीच दूषित होती. जाळीमागच्या गोळ्यात फ्युजेरियम, ॲक्रेमोनियम आणि गुलाबी रंगाची रोडोटोरुला ही यीस्ट एकत्र नांदत होती.

यावरून जबाबदारीची विभागणी बरीच स्पष्ट होते. जलकुंभातला गाळ, शेवटच्या टोकाचा क्लोरीन आणि गळती या गोष्टी पाणीपुरवठा विभागाच्या आहेत. तोटी, जाळी, शॉवर आणि गच्चीवरची टाकी घरमालकाची. कोंदट वासाच्या तक्रारीत दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. पहिल्या धारेचा आणि वाहत्या पाण्याचा असे दोन नमुने शेजारी ठेवले, तर तो वाद बहुतांश प्रयोगशाळेतच मिटू शकतो आणि त्यासाठी जास्तीचा खर्चही फारसा नाही.

1 ऑक्टोबर 2024

पाणीपुरवठा विभागाला द्यायचे टिपण पूर्ण केले. त्यात जलकुंभ पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर धुणे, टीसीएल कोरड्या जागी झाकून ठेवणे आणि साठ्याची ताकद तपासून मात्रा ठरवणे, शेवटच्या टोकाला डीपीडी चाचणी करणे आणि तेथील वाहिनीचा धुवणी व्हॉल्व्ह ठरावीक दिवशी उघडणे, एवढ्याच गोष्टी आहेत. गावासाठी बुरशीची आकडी मर्यादा सुचवावी असा एका सहकाऱ्याचा आग्रह होता. मी ती घातली नाही. एका पावसाळ्याच्या आकड्यांवरून मर्यादा ठरवली, तर ती पुढे कागदावर राहते आणि तिच्यामागचे कारण कोणालाच आठवत नाही. बंद घरांसाठी वेगळे पत्रक केले आहे: टाकी रिकामी करून घासणे, टीसीएलच्या निवळीने धुणे, जाळ्या व शॉवर काढून साफ करणे आणि सर्व नळ काही वेळ सोडून मगच पाणी वापरणे. ते दिवाळीपूर्वी वाटायचे आहे, कारण तेव्हा घरे पुन्हा उघडतील.

9 ऑक्टोबर 2024

जपून ठेवलेली शुद्ध कल्चर (नमुन्यांतून वेगळ्या करून वाढवलेल्या बुरशी) 37, म्हणजे माणसाच्या शरीराच्या, आणि 45 अंशांना वाढवून पाहिली. बहुतेक 37 लाच थांबली. बंद घराच्या पहिल्या धारेतून आलेली एक, धुरकट निळसर-हिरव्या रंगाची, 45 अंशांनाही जोमाने वाढली. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचे शेंडे उभ्या स्तंभासारखे दाट आहेत. ही लक्षणे ॲस्परजिलस फ्युमिगेटसकडे निर्देश करतात, ज्याला जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2022 मधील बुरशीजन्य रोगकारकांच्या प्राधान्य यादीत सर्वोच्च गटात ठेवले आहे. केवळ रूपावरून ही प्रजाती तिच्या जवळच्या भाईबंदांपासून निश्चितपणे वेगळी करता येत नाही आणि बुरशी ओळखण्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या आयटीएस भागाचा डीएनए क्रमही त्यासाठी अपुरा पडतो, म्हणून बीटा-ट्युब्युलिन जनुकाच्या क्रमवारीसाठी कल्चर बाहेर पाठवले आहे. घरमालकांना निकाल येईपर्यंत प्रजातीचे नाव सांगायचे नाही, टाकी आणि शॉवर धुण्यास मात्र आजच फोन करून सांगितले आणि त्यांनी ते रविवारी करण्याचे मान्य केले आहे. सोमवारी त्याच तोटीचे दोन्ही नमुने पुन्हा घेणे.